वादळ, मदत आणि पंचनामा: कोकण किनाऱ्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला आणि अरबी समुद्रात कुठे कमी दाबाचं क्षेत्र दिसलं, की आमचे फोन वाजायला लागतात. अर्धे फोन गावातले, अर्धे मुंबई-पुण्याचे. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. दक्षिण रायगडातल्या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात त्या दिवशी धड छप्पर उरलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. तेव्हापासून गावातली आम्ही सात-आठ माणसं याद्या करणं, वाटप करणं आणि तहसील कचेरीच्या फेऱ्या मारणं ही कामं करतो. पुढच्याच वर्षी तौक्ते आलं, तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ओळखीच्यांना हेच सगळं फोनवर सांगितलं. आता एकदाच लिहून ठेवतो आहोत. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. उत्तरं आमची आहेत, सरकारी नाहीत.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय. घर सोडायचं का?

बावटा बोटींसाठी असतो, घरांसाठी नाही. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे. तीन नंबर म्हणजे बंदरावर सोसाट्याचा वारा येऊ शकतो, होड्या आत घ्या. आठ, नऊ, दहा हे महाधोक्याचे. घर सोडायचं की नाही हे हवामान खात्याच्या इशाऱ्यावर आणि तहसीलदारांच्या आदेशावर ठरवायचं. वादळाची पहिली चाहूल साधारण ७२ तास आधी दिली जाते, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा येतो आणि २४ तास आधी धोक्याचा. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेला की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि ८९ च्या वर गेला की तीव्र चक्रीवादळ. निसर्ग किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. या वेगात मंगलोरी कौल नुसतं उडत नाही, ते समोरच्याच्या भिंतीवर जाऊन फुटतं.

फोनमध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ अ‍ॅप घालून ठेवा. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ वर, तटरक्षक दलाची समुद्रातली मदत १५५४ वर. हे नंबर भिंतीवर खडूने लिहा, कारण फोनची बॅटरी ऐन वेळी संपलेली असते.

मध्येच वारा पडला, तर पटकन बाहेर जाऊन पत्रे बांधून यावं का?

नाही. वादळाचा डोळा डोक्यावरून जात असेल तर थोडा वेळ सगळं शांत होतं, कुठे ऊनही पडतं. मग वारा उलट्या दिशेने सुरू होतो. आधीच्या वाऱ्याने एका बाजूला खिळखिळं झालेलं छप्पर आणि झाड या दुसऱ्या झोताला टिकत नाही. रेडिओवर किंवा पोलीस पाटलांकडून वादळ पुढे गेल्याचं कळेपर्यंत घरातच थांबा.

पत्र्यांवर चिरे ठेवायची आपली जुनी सवय आहे, तिच्याबद्दलही इथेच सांगतो. पत्रा उचलला गेला की तो चिरा माजघरात येतो. त्यापेक्षा पत्रा धरून ठेवणारे जे-हुक आणि वॉशर तपासून घ्या, आणि वजन ठेवायचंच तर वाळूच्या पिशव्या ठेवा.

आई-आप्पा घर सोडून शाळेत जायला तयार नाहीत. काय करू?

मुंबईहून येणारा हा सगळ्यात नेहमीचा फोन. म्हातारी माणसं हटवादी असतात म्हणून घर सोडत नाहीत, असं समजू नका. गोठ्यात गाय असते, आगोटीचं, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेलं, सगळं सामान माळ्यावर असतं, आणि निवारा म्हणून उघडलेल्या शाळेतल्या संडासाची त्यांना कल्पना असते. त्यामुळे समजूत घालायची तर या तीन गोष्टींवर बोला. गायीचं दावं सोडून ठेवा, म्हणजे गोठा पडला तरी ती बाहेर निघते. तांदूळ, डाळ, सुकी मासळी प्लास्टिकच्या पिंपात भरून खाली आणा. निसर्गाच्या वेळी आगोट नुकतीच भरून झाली होती. माळ्यावरचं सगळं भिजलं आणि वर्षाचा शिधा दोन तासांत गेला.

निवाऱ्याची किमान पातळी आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम १२ खाली ठरवून दिलेली आहे: माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पराखालची जागा, दिवसाला पिण्याचं ३ लिटर पाणी आणि ३० माणसांमागे एक संडास. मे महिन्यातच तुमच्या शाळेत जाऊन संडासाच्या कड्या लागतात का बघा. ग्रामसभेत हा विषय कधीच निघत नाही, तो काढा.

आम्ही वीस जण गाडी करून लगेच मदतीला येतो. चालेल?

पहिले दोन-तीन दिवस येऊ नका. रस्त्यांवर झाडं आणि विजेच्या तारा पडलेल्या असतात. माणगावच्या पुढे श्रीवर्धनच्या वाटेला लागलात की एक अडकलेली गाडी मागच्या रुग्णवाहिकेला अडवते. त्या दिवसांत रस्ते मोकळे करण्याचं काम राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, बांधकाम खातं आणि खरं सांगायचं तर गावातली पोरं करतात. राष्ट्रीय दलाच्या तुकड्या पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याच्या तळावरून येतात आणि शक्यतो आधीच येऊन थांबलेल्या असतात.

अपवाद एकच. तुमच्याकडे झाडं कापायचं मशीन आणि ते चालवणारा माणूस असेल, तर आजच निघा. वीस जणांपेक्षा असे दोघे जास्त उपयोगाचे. पेट्रोल, ऑइल आणि जादा साखळी बरोबर आणा, इथे मिळणार नाही. आणि जेवणाची सोय स्वतःची करा. घर पडलेल्या माणसालासुद्धा पाहुण्याला चहा दिल्याशिवाय राहवत नाही, आणि त्या दिवसांत चहाची साखर मोजकी असते.

नेमकं काय पाठवू?

हा प्रश्न विचारलात याबद्दल आभार, कारण बहुतेक जण न विचारताच पाठवतात.

कोकणातल्या वादळाचं गणित पूर्वेच्या किनाऱ्यापेक्षा वेगळं आहे. आमच्याकडे वादळ येतं ते बऱ्याचदा पावसाळ्याच्या तोंडावर. वादळात घर गेलं नाही तरी छप्पर जातं आणि आठ-दहा दिवसांत मृग बरसायला लागतो. म्हणजे मदतीची खरी मुदत तेवढीच. त्या दिवसांत छप्पर झाकलं नाही तर मातीच्या भिंती पागोळ्यांखाली बसतात, आणि वादळात न पडलेलं घर जुलैत पडतं.

म्हणून सगळ्यात आधी ताडपत्री. पावसाळा काढायचा तर किमान २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची), कडांना भोकं असलेली आणि दोरीसकट. ती पातळ निळी मिळते तिच्या दोन पावसांत चिंध्या होतात. मग पत्रे, जे-हुक, वॉशर, खिळे. पत्रे जवळच्या तालुक्याच्या गावी मिळतात, पण वादळानंतर भाव चढतात आणि माल संपतो. कोल्हापूर-पुण्याहून ट्रक भरून पाठवणं जास्त सोयीचं. लांबी आधी विचारा. एकदा आम्हाला आठ फुटी पत्र्यांचा अख्खा ट्रक आला आणि घरं होती बारा फुटी पडव्यांची. कौलं पाठवायची असतील तर छाप जुळतो का ते पाहा, वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत.

मग उजेड. खांब मोडल्यावर वीज आठवडेच्या आठवडे येत नाही. सौर कंदील, बॅटऱ्या, मेणबत्त्या, काडेपेट्या आणि गावाला मिळून एक जनरेटर. जनरेटरवर विहिरीचा पंप फिरतो, पिठाची गिरणी फिरते आणि फोन चार्ज होतात. निसर्गानंतर मुंबईतल्या मुलांना चार-पाच दिवस आई-वडील जिवंत आहेत की नाहीत हेच कळत नव्हतं, कारण टॉवर बंद होते आणि फोनही.

खाण्याचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात शिजवायला कोरडं सरपणच नसतं. तेव्हा चटकन खाता येईल असं द्या: पोहे, फरसाण, बिस्किटं, दूध पावडर. त्यानंतर तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, मसाला. गव्हाचं पीठ कमी पाठवा, आमच्याकडे भात खातात. बाटलीबंद पाण्याचे ट्रक नकोत. विहिरी आहेत, त्या साफ करायला माणसं आणि पंप हवेत.

बायकांसाठी सॅनिटरी पॅड, नवी अंतर्वस्त्रं आणि गाऊन. हे यादीत कुणी लिहीत नाही, कारण यादी करायला बसलेले बहुतेक पुरुष असतात. आमच्याही पहिल्या यादीत नव्हतं.

जुने कपडे चालतील?

नाही.

पैसेच दिले तर? आणि आमचा भाऊ दुबईत आहे, त्याला पाठवता येतील का?

पैसे सगळ्यात बरे, कारण गरज दर आठवड्याला बदलते. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेल्या देणगीवर जुन्या कररचनेत शंभर टक्के वजावट मिळते. गावातल्या मंडळाला द्यायचे असतील तर नोंदणी आहे का, खातं मंडळाच्या नावावर आहे का आणि पावती मिळते का, एवढं विचारा. कुणा एकाच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर टाकू नका, तो माणूस सज्जन असला तरी. पुढे हिशेबावरून त्याचीच पंचाईत होते.

श्रीवर्धन, म्हसळा, दापोलीकडे आखातातून मोठा पैसा येतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरत नाहीत. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलंय त्याची देणगी मात्र एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते.

वाटपात भांडणं होतात. ती टाळायची कशी?

पूर्ण टळत नाहीत. कमी होतात. गाडी येण्याआधी वाडीवार यादी तयार हवी आणि ती देवळासमोर, मशिदीसमोर, समाजमंदिरात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेली हवी. चावडीवर वाचून दाखवली तर आणखी बरं. एक यादी छप्पर पूर्ण गेलेल्यांची, एक अर्धवट गेलेल्यांची. ‘सगळ्यांना सारखं’ हे कानाला न्यायाचं वाटतं, पण स्लॅबच्या घराला आणि झोपडीला सारखीच ताडपत्री देणं हा न्याय नव्हे.

गाडी नेहमी डांबरी रस्त्याला लागून असलेल्या घरांशी थांबते. त्यामुळे रस्त्याकडेच्या घरांत चार-चार किट जमतात आणि डोंगराकडेच्या वाडीत एकही पोचत नाही. आम्ही उलटं करतो: शेवटच्या वाडीपासून सुरुवात.

यादीत हटकून राहून जातात ती माणसं सांगतो. कातकरी वाडी, कारण घराखालची जमीन त्यांच्या नावावर नसते. भाड्याने राहणारे. आंब्याच्या बागेत राखण करणारे नेपाळी आणि बोटीवरचे परप्रांतीय खलाशी, कारण त्यांचं रेशनकार्ड इथलं नसतं. एकट्या राहणाऱ्या विधवा, ज्यांचं नाव दिराच्या कार्डावर असतं. आणि मासे सुकवून विकणाऱ्या बायका. त्यांची बोट नसते, त्यामुळे मच्छीमारांच्या यादीत त्या येत नाहीत, आणि शेती नसल्यामुळे शेतकऱ्यांच्याही नाही. ओट्यावरची सुकी मासळी वाहून गेली तर त्यांचं वर्षाचं भांडवल गेलेलं असतं. सरकारी नियमात या नुकसानीला चौकट नाही, म्हणून देणगीच्या पैशातला एक हिस्सा आम्ही आधीच यांच्यासाठी बाजूला काढतो.

पंचनामा होईपर्यंत पडझड तशीच ठेवायची का?

नाही, आणि हा गैरसमज फार महाग पडतो. निसर्गानंतर पंचनाम्याची वाट बघत कित्येकांनी छप्पर उघडं ठेवलं आणि पाऊस आला. आधी फोटो काढा, मग झाका. फोटोत तारीख आणि ठिकाण दिसेल असं फोनमध्ये चालू करा. घराचे चारही बाजूंनी, आतून वर बघत एक, आणि घर क्रमांकाची पाटी येईल असा एक. झाडांचे फोटो काढताना प्रत्येक बुंध्यावर चुन्याने आकडा घाला. ‘साठ सुपाऱ्या पडल्या’ म्हणण्यापेक्षा साठ आकडे दिसले की वाद होत नाही.

पंचनामा करायला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात. पदांची नावं अलीकडे बदलली आहेत, माणसं तीच. बोटीसाठी मत्स्यव्यवसाय खात्याचा माणूस लागतो आणि जनावरासाठी पशुवैद्यक, म्हणून मेलेलं जनावर पुरण्याआधी निदान फोटो आणि कानातला टॅग ठेवा. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा. ‘अंशतः’ लिहिलंय की ‘पूर्णतः’, गुंठे किती, झाडं किती. तलाठ्यावर ओरडून उपयोग नाही. एका माणसाकडे चार-पाच गावं असतात आणि बऱ्याचदा त्याचंही छप्पर उडालेलं असतं. पण सहीनंतर आकडा बदलणं फार अवघड आहे, त्यामुळे त्याच वेळी शांतपणे अडून बसा.

पंचनाम्यानंतर यादी लागते. यादीत नावासमोर विशिष्ट क्रमांक असतो. तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात आधारची ई-केवायसी करावी लागते, मग पैसे थेट खात्यात येतात. इथे अडकणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत किंवा बँक खातं आधारला जोडलेलं नसतं. हे काम उन्हाळ्यातच करून घ्या.

घर बंद असतं, आम्ही मुंबईत. गावाला यायला जमलं नाही तर?

शेजाऱ्याला किल्ली आणि सही केलेलं संमतीपत्र देऊन ठेवा, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती आणि आधारची प्रत त्यालाच द्या. घर बंद दिसलं की पंचनामा ‘नंतर’वर जातो. आणि एक न विचारलेली गोष्ट: तुमचं घर वर्षातून गणपती आणि शिमग्यालाच उघडत असेल, तर ताडपत्रीच्या रांगेत शेजारच्या राहत्या घराला पुढे जाऊ द्या.

सातबारावर सतरा नावं आहेत. पैसे कुणाला मिळणार?

कोकणातली खरी आपत्ती ही. सामाईक सातबारा असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र मागतात, आणि त्यातला एक बडोद्याला, एक ऑस्ट्रेलियात आणि दोघे वर. मेलेल्यांच्या वारसनोंदी आधी झालेल्या असतील तर निम्मं काम सोपं होतं. वारसनोंदीला वादळाची वाट बघू नका. संमतीपत्राचा नमुना तलाठ्याकडे मिळतो. जो राहतो, राबतो आणि नारळ-सुपारीच्या वाडीला पाणी घालतो त्याच्या नावे बाकीच्यांनी आधीच लिहून देऊन ठेवणं हा आम्ही सुचवतो तो उपाय. चार घरांनी ऐकलं आहे.

घरासाठी सरकार किती देतं?

केंद्राचे दर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत असतात, आणि मोठ्या वादळानंतर राज्य सरकार वेगळा शासन निर्णय काढून ते वाढवू शकतं. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००, झोपडीला ८,०००, गोठ्याला ३,०००. कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. दुभत्या गायी-म्हशीला ३७,५००. माणूस दगावला तर वारसांना ४ लाख. अंशतः धरायला निदान १५ टक्के नुकसान लागतं.

निसर्गाच्या वेळी पूर्ण पडलेल्या घराचा केंद्राचा दर ९५,१०० होता, राज्याने दीड लाख दिले. तौक्तेनंतरही दीड लाखच ठेवले आणि अंशतःसाठी १५, २५ आणि ५० हजार असे टप्पे केले. म्हणून कुणी जुना आकडा सांगितला तर त्या वर्षीचा शासन निर्णय मागा.

शब्द नीट ऐका: कागदावर ही ‘मदत’ आहे, ‘नुकसानभरपाई’ नाही. अंशतः मिळालेल्या पैशात कौलंही पुरी होत नाहीत. आणि निकषांत घर अधिकृत बांधकाम असल्याची अट आहे. कातकऱ्यांचं घर त्या अटीत अडकतं, त्याला तोड म्हणून ग्रामपंचायतीच्या असेसमेंटला (घरपट्टीच्या नोंदवहीत) त्या घरांची नोंद असणं फार महत्त्वाचं. तुम्ही सरपंच असाल तर हे वाक्य दोनदा वाचा.

नारळ-सुपारीच्या वाडीला इतके कमी पैसे का आले?

कारण दर हेक्टरवर असतो आणि वाडी गुंठ्यांत. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषात बहुवार्षिक फळपिकाला हेक्टरी २२,५०० रुपये ठरले, दोन हेक्टरपर्यंत आणि ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच. गुंठ्याला किती झाले? २२५ रुपये. निसर्गानंतर राज्याने तेव्हाच्या दराचे हेक्टरी १८ हजारांचे ५० हजार केले तेव्हा लोकांना वाटलं, झालं काम. दहा गुंठ्यांच्या वाडीला त्यातले ५ हजार येतात. दहा गुंठ्यांत नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीवर मिरवेल, मधे जायफळ आणि केळी, असे तीन मजले असतात. हेक्टरच्या हिशेबाला ते मजले दिसत नाहीत.

बागायतदारांनी झाडाप्रमाणे पैसे मागितले ते यासाठी. त्यावर नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला ५० रुपये असा दर आला. बाणवली नारळ लावल्यापासून फळाला यायला सहा-सात वर्षं घेतो आणि पुढे साठ-सत्तर वर्षं देतो. २५० रुपयांत त्याचं रोप, खड्डा आणि शेणखत येतं फार तर. दर कुठला लागू होईल हे तुमच्या हातात नाही, पण पंचनाम्यात क्षेत्र आणि झाडांची संख्या दोन्ही लिहून घेणं हातात आहे.

आंब्याचा विमा होता. तरी काहीच मिळालं नाही. फसवलं का?

कागद वाचला नव्हता, एवढंच. हवामान आधारित फळपीक विम्यात आंब्याचं संरक्षण १५ मे ला संपतं. तौक्ते रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं १६ मे ला. झाडांवर आंबा होता, विमा कालच संपला होता. शिवाय हा विमा फळाच्या हंगामाचा आहे. पडलेल्या झाडाचा नाही.

आडवं झालेलं झाड परत उभं करता येतं का?

आंबा-काजूचं तरुण कलम असेल, मुळं एका बाजूने मातीत असतील, तर येतं. घाई मात्र हवी, उघडी मुळं सुकली की संपलं. फांद्या हलक्या करा, मोडकी मुळं स्वच्छ कापा, दोरी-कप्पीने हळू उभं करा, माती दाबा, तीन बाजूंनी टेकू द्या आणि कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. मोठी झाडं जेसीबीने उभी करायचा मोह होतो. उरलेली मुळंही त्यात तुटतात. नारळ आणि सुपारी मोडली की मोडली, ती उभी होत नाहीत.

उभ्या राहिलेल्या सुपारीकडेही बघा. शेजारची झाडं गेल्यामुळे सावली जाते आणि खोड नैर्ऋत्येच्या उन्हाने भाजतं. त्या बाजूला झावळी किंवा सुपारीची विरी बांधा. पडलेली नारळाची खोडं वाडीत कुजू देऊ नका, गेंड्या भुंगा तिथेच अंडी घालतो आणि दोन वर्षांनी उरलेल्या माडांवर चढतो. पुढचा सल्ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा किंवा रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राचा घ्या.

होडी फुटली, जाळी गेली. कुठे जायचं?

मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे, नोंदणीचा कागद घेऊन. २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे होडीच्या दुरुस्तीला ६ हजार, पूर्ण गेलेल्या होडीला १५ हजार. जाळ्याला दुरुस्तीचे ३ आणि पूर्ण गेल्यास ४ हजार. तौक्तेनंतर राज्याने होडीला १० आणि २५ हजार दिले होते. ज्याने जाळं विणलंय किंवा विकत घेतलंय त्याला या आकड्यांवर काही सांगायला नको. सोसायटीमार्फत एकत्र अर्ज केला तर कागद लवकर हलतो. कुणी समुद्रात बेपत्ता असेल तर थांबू नका: १५५४ वर फोन करा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तांडेलाकडून (बोटीच्या म्होरक्याकडून) खलाशांची नावं लिहून घ्या. नोव्हेंबर २००९ चं फयान चक्रीवादळ आठवणाऱ्या घरांना हे सांगावं लागत नाही.

विहिरीत पालापाचोळा आणि खारं पाणी गेलंय. काय करायचं?

आधी कचरा आणि मेलेलं काही असेल ते काढा, मग पंपाने उपसा. एका दमात तळ दिसेपर्यंत उपसू नका, मातीच्या काठाची विहीर ढासळते आणि समुद्राकडची असेल तर खार आणखी आत येतो. मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. एरवीची मात्रा हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे २८ हजार लिटर पाणी असतं, म्हणजे ७० ग्रॅम. वादळानंतरच्या गढूळ पाण्याला जास्त लागते, ती आरोग्य सेवकाकडून ठरवून घ्या. पावडर बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडा आणि निदान तासभर थांबा. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात उघडं पडलेलं दोन वर्षांपूर्वीचं पोतं उपयोगाचं नसतं.

ताप आला तर?

चिखलात काम केल्यानंतर आठ-दहा दिवसांत ताप, अंगदुखी, लाल डोळे दिसले तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, गोळ्या वेळेवर घेतल्या तर बरा होतो. पालापाचोळा उचलताना काठीने हलवून मग हात घाला, फुरसं हा विषारी साप तिथेच असतो. साप चावला तर मांत्रिकाकडे नाही, १०८ ला फोन.

वीज कधी येणार?

हे आम्हाला माहीत असतं तर आम्हीच आधी फोन चार्ज केला असता. महावितरणचे वायरमन दुसऱ्या जिल्ह्यांतून येतात, त्यांना आपल्या गावातली लाइन कुठून कशी गेली ते ठाऊक नसतं. वाट दाखवायला एक माणूस आणि खांब ओढायला दहा जण दिलेत तर तुमचं गाव लवकर उजळतं. शेजारच्याने जनरेटर मेन लाइनला जोडला असेल तर तो आधी काढायला लावा, खांबावरचा वायरमन त्याने मरतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की उद्या पुन्हा दुसरं वादळ येणार आहे.

हवामान खात्याच्या पत्रकात नसेल तर पुढे पाठवू नका. आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवणं हा आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आता वादळ होऊन वर्ष झालं. अजून काही देण्यासारखं उरलंय का?

खरं तर आत्ताच. पहिल्या आठ दिवसांत इतकं येतं की ठेवायला जागा नसते, आणि दुसऱ्या वर्षी फोनही येत नाही. दुसऱ्या वर्षी लागतात ती नारळाची रोपं, बाणवली किंवा लवकर धरणारी संकरित. सुपारीची श्रीवर्धनी रोठा जातीची. कोवळ्या सुपारीला सावली म्हणून केळीचे मुनवे (बुंध्याशी फुटलेले कोंब). आणि गुरं-डुकरं आत येऊ नयेत म्हणून कुंपणाची तार. वाडीत राबणाऱ्या बाईला रोजगार हमीतून फळबाग लागवडीचं काम मिळवून द्यायला एखादा शिकलेला माणूस आठवडाभर तालुक्याला बसला, तर तीही मदतच. मोडलेली खोडं बाहेर काढायची मजुरी तर कुणीच देत नाही, आणि ती निघाल्याशिवाय नवीन रोपाला जागा होत नाही.

रोपं आणणार असाल तर महिनाभर आधी कळवा. नारळाला मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा लागतो, जांभ्यात तो खणायला एका माणसाचा एक दिवस जातो.